गॅस भरण्याआधी एसी मोजा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघाले की जळकोट लागते. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या या पट्ट्यात बँक, हॉटेल, मंगल कार्यालय यांना छतात बसवलेला एसी आता चैन वाटत नाही. थंडावा कमी झाला की मेकॅनिक खालूनच हात वर धरतो आणि सांगतो, ‘गॅस कमी झालाय.’ मोजल्याशिवाय हे निदान मालकाने मान्य करू नये. गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

मोजणी अवघड नाही. छतात बसणाऱ्या चौकोनी कॅसेट एसीच्या मधल्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढली जाते आणि कडेच्या चार फटींतून थंड होऊन बाहेर पडते. एसी वीसेक मिनिटे चालल्यावर दोन्ही ठिकाणचे तापमान घ्यावे. समजा आत जाणारी हवा 27 अंश आणि बाहेर येणारी 16, म्हणजे फरक 11. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक ठीक समजतात. मात्र नुसत्या फरकावर विसंबू नये. फिल्टर धुळीने बुजला तर हवा थोडीच येते, पण ती जास्त गार असते. फरक 15 अंश दिसतो आणि हॉल मात्र तापलेलाच राहतो. इथे गरज साफसफाईची आहे. उलट वारा भरपूर आणि फरक चार-पाच अंशांचाच असेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे. म्हणून वाऱ्याचा वेगही मोजायला हवा. एका टनाला मिनिटाला सुमारे 400 घनफूट हवा लागते. पावसाळ्यात एसीची बरीच ताकद हवेतली वाफ काढण्यात जाते, तेव्हा आर्द्रताही पाहावी लागते.

अनुभवी हाताला हे कळत नाही का? गारवा कळतो, हवा किती येते ते नेमके कळत नाही. पंधरा फुटांवरच्या छतापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. वायरचा सेन्सर लांब काठीला बांधून खालूनही मोजता येते. इन्फ्रारेड गन सोयीची खरी, पण ती हवेचे नव्हे, जाळीच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. साफसफाईसाठी मात्र वर जावेच लागते: एमसीबी बंद करून, घोडा-शिडी किंवा परांचीवरून. फॉल्स सीलिंगची पट्टी माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतेच. डक्टमधून हवा सोडणारे डक्टेबल युनिट तर पूर्ण जिप्समच्या छताआड असते, आणि ते उघडण्यासाठीच्या ट्रॅपडोअरने छताची शोभा जाते म्हणून तो टाळला जातो. रंगात मिसळून गेलेला दरवाजा नजरेत येत नाही. मोटर काढायला फोडलेले छत मात्र येते. ब्लोअरची मोटर बाहेर निघेल एवढा दरवाजा ड्रेन ट्रेच्या बाजूला ठेवून घ्यावा, छत बंद होण्याआधी. मंगल कार्यालयांनी मोजणी लग्नसराईपूर्वीच उरकावी आणि आकडे तारखेसह स्विचबोर्डाजवळ लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी फरक कुठे पडला, ते मेकॅनिकला तिथेच दाखवता येईल.