एका वेळीं एकच बदल

काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्रें दिसलीं कीं तेथें शास्त्रीय प्रयोग चालला आहे, असा आपला समज होतो. वास्तविक प्रयोगाची निम्मी सिद्धता कागदावरच होत असते. काय बदलावयाचें, काय मोजावयाचें आणि काय मुळींच बदलूं द्यावयाचें नाहीं, हें अगोदर ठरवावें लागतें. तें कसें ठरवितात, हें आपल्या ताटांतल्या भाताशीं निगडित असलेल्या एका शोधावरून आज पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डच सत्तेखालील जावा बेटांत, बेरीबेरी नांवाच्या रोगानें सैनिक आणि कैदी मोठ्या संख्येनें दगावत असत. पायांतील शक्ति जाई, हृदय दुबळें होई आणि कित्येकांना मृत्यु येई. जंतुशास्त्र तेव्हां नवें होतें. म्हणून हाहि रोग जंतूंचाच असावा, असें बहुतेक डॉक्टर धरून चालले होते. बटेव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. ख्रिस्तियान आइकमान हेहि त्या जंतूच्याच शोधांत होते.

१८८९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लंगडूं लागल्या. लक्षणें बेरीबेरीसारखीं होतीं. कांहीं महिन्यांनीं, नोव्हेंबरच्या अखेरीस, रोग आपोआप नाहींसा झाला. चौकशी करतां कळलें कीं, मधल्या काळांत या कोंबड्यांना लष्करी इस्पितळांतला पांढऱ्या, सडीक तांदळाचा भात मिळत असे. पुढें आचारी बदलला, आणि लष्कराचा भात कोंबड्यांना देण्यास नव्या आचाऱ्यानें साफ नकार दिला.

एखादा उतावळा मनुष्य येथेंच म्हणाला असता कीं, कारण सांपडलें! पण त्याच सुमारास जावांत पावसाळा सुरू होत असतो. मग गुण कशाचा, अन्नाचा कीं हवेचा? आपल्या घरींहि असेंच होतें. आजारी मुलाचें औषध बदललें, पथ्य बदललें आणि त्याला हवापालटासहि नेलें. मूल बरें झालें, पण कशानें, तें कोणासच सांगतां येत नाहीं.

म्हणून शास्त्रज्ञ आपला संशय प्रथम नेमक्या वाक्यांत मांडतो. या वाक्यास सिद्धांतकल्पना म्हणतात. ‘अन्नाचा प्रकृतीवर परिणाम होतो’ हें विधान कधींच खोटें पडणार नाहीं, आणि म्हणूनच तें प्रयोगास निरुपयोगी आहे. उलट, ‘जर एका गटाला सडीक आणि दुसऱ्या गटाला वरची तांबूस साल राखलेला तांदूळ दिला, तर पहिल्याच गटाला रोग होईल,’ हें विधान खोटें ठरूं शकतें. तसा धोका पत्करणें हाच त्याचा गुण होय.

या वाक्यांत दोन गोष्टी पालटत्या आहेत; शास्त्रांत त्यांना ‘चल’ म्हणतात. तांदळाचा प्रकार आपण मुद्दाम बदलतों, म्हणून तो स्वतंत्र चल; रोग होणें वा न होणें त्यावर अवलंबून राहतें, म्हणून तो अवलंबी चल. कोंबड्यांचें वय, खुराडें, पाणी, स्वच्छता हे इतर चल दोन्ही गटांत सारखेच ठेवावयाचे. तसें केलें तरच दिसून येणाऱ्या फरकाचें श्रेय तांदळाला देतां येतें. आइकमान यांनीं असे प्रयोग पुन्हां पुन्हां केले, तेव्हां सडीक तांदळावरच्या कोंबड्या कांहीं आठवड्यांत आजारी पडल्या, आणि कोंडा घालतांच त्या सुधारल्या.

तथापि कोंबडी म्हणजे मनुष्य नव्हे. यासाठीं डॉ. अडॉल्फ फोर्डरमान यांनीं १८९५-९६ सालीं जावा व मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. सडीक तांदूळ देणाऱ्या ५१ तुरुंगांपैकीं ३६ तुरुंगांत बेरीबेरी आढळला. साल राखलेला तांदूळ देणाऱ्या ३७ पैकीं केवळ एकांत. इमारतींचें वय, हवा, गर्दी यांचाहि त्यांनीं हिशेब घेतला, परंतु रोगाचा संबंध त्यांच्याशीं जुळला नाहीं.

एवढें झाल्यावरहि कारणाची उकल चुकूं शकते. भाताच्या पिष्टांत विष असावें आणि सालींत त्यावरचा उतारा, असें आइकमान यांना वाटे. १९०१ सालीं त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्राइन्स यांनीं सुचविलें कीं, विष कोठेंच नाहीं. सालीबरोबर एक आवश्यक द्रव्यच निघून जातें. १९२६ सालीं त्याच शहरांत यान्सेन व डोनाथ यांनीं कोंड्यांतून तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. आज आपण त्याला जीवनसत्त्व ब-१ म्हणतों. आइकमान यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा विषाचा तर्क टिकला नाहीं. पण एका वेळीं एकच गोष्ट बदलून त्यांनीं जें पाहिलें होतें, तें खोडण्याची पाळी कोणावर आली नाहीं, आणि ग्राइन्स यांना आपली नवी कल्पना त्याच पायावर उभारतां आली.