साक्षीदाराची आठवण आणि आपली मुलं



बारावी झाली की आपल्या वाड्यापाड्यांवरच्या मुलांना नर्सिंग, डी.एड. नाहीतर पोलीस भरती, एवढंच सुचवलं जातं. पदवीला असतानाच मानसशास्त्र आणि कायद्यातलं संशोधन शिकता येतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते का सांगावं, हे एका खटल्यावरून कळेल.

२००३ साली एका शेतवस्तीवर दरोडा, बलात्कार आणि खून झाले. भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही.

बाई खोटं बोलत होत्या असं कोणी म्हणू नये. माणसाची आठवण बदलते, आणि विचारण्याच्या पद्धतीनेही बदलते. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलं तर कमी आकडा आला; ‘जोरात आदळल्या तेव्हा?’ विचारलं तर जास्त. फिल्म तीच होती.

असे प्रश्न नीट कसे विचारावेत, समोरच्याची संमती कशी घ्यावी, उत्तर त्याच्याच शब्दांत कसं टिपावं, हे शिकवता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी देशभरच्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ च्या त्या अहवालात ३७३ कैद्यांची माहिती आहे, आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले आहेत. अकोल्याच्या ठाकरवाडीतली मुलगी अशा कामात असेल, तर तिच्या बोलीतला माणूस मोकळेपणी बोलेल. शहरातल्या हुशार मुलाला ते जमणं कठीणच.

संशोधन या शब्दाला घाबरायचं कारण नाही. इथे हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, मगच पिकं ठरतात. पद्धत तीच.

खरी अडचण प्रवेशाची आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठं आपल्या राज्यात तीन आहेत: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. त्यांची क्लॅट परीक्षा फक्त इंग्रजीत होते. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ‘इडिया’ ही संस्था वंचित मुलांना तिची तयारी करून देते. वसतिगृहातल्या ताई-दादांनी अकरावीपासूनच रोज थोडं इंग्रजी वाचून घ्यावं. आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तेव्हाच भरून टाकावा. निकाल लागल्यावर धावपळ करून ते हाती येत नाही.