१०८ : संख्येचे गणित आणि वेदनांची गणना

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे जून १९४७ मध्ये धर्मानंद कोसंबी यांचे निधन झाले. पालीच्या या थोर पंडिताचे पुत्र दामोदर कोसंबी हे गणिती होते. एका घरात नांदलेल्या या दोन्ही विद्यांना जिच्याविषयी सांगण्यासारखे काही आहे, अशी एक संख्या म्हणजे १०८. जपमाळेमुळे ती गूढ व पवित्र मानली जाते. तिच्यात वस्तुतः काय आहे, हे पाहणे उचित ठरेल.

प्रथम गणित पाहू. १०८ चे मूळ अवयव २ × २ × ३ × ३ × ३ असे पडतात. म्हणजे ही संख्या केवळ दोन आणि तीन यांचीच बनलेली आहे. तिला १२ विभाजक आहेत. १०८ वगळता उरलेल्या अकरांची बेरीज १७२, म्हणजे मूळ संख्येहून अधिक भरते. १०८ च्या अंकांची बेरीज ९ असून ९ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. मात्र हा गुण दशमान लेखनावर अवलंबून आहे. पाचाच्या पायावर १०८ ही संख्या ४१३ अशी लिहिली जाते. तेथे अंकांची बेरीज ८ होते व ८ ने भाग जात नाही. मूळ अवयव मात्र लेखनपद्धती बदलली तरी बदलत नाहीत.

आता पाली साहित्याकडे वळू. मज्झिम निकायातील बहुवेदनीय सुत्तात पंचकंग नावाचा सुतार आणि आयुष्मान उदायी यांचा वाद येतो. उदायींच्या मते वेदना तीन : सुख, दुःख आणि अदुःखमसुख. पंचकंगाच्या मते त्या दोनच. तिसरी शांत सुखातच मोडते. दोघांनाही एकमेकांचे पटले नाही. आयुष्मान आनंदांनी हा संवाद भगवंतांच्या कानी घातला, तेव्हा दोघेही आपापल्या पर्यायाने बरोबर आहेत, असा निर्णय त्यांनी दिला. वेदना दोन, तीन, पाच, सहा, अठरा, छत्तीस आणि एकशे आठ अशाही सांगता येतात.

ही मांडणी संयुत्त निकायातील अट्ठसत सुत्तात उलगडली आहे. चक्षू ते मन ही सहा द्वारे. प्रत्येकी सोमनस्स, दोमनस्स व उपेक्खा मिळून १८. त्या गृहाश्रित व नैष्क्रम्याश्रित अशा द्विविध, म्हणून ३६. आणि भूत, भविष्य, वर्तमान या तीन काळांनी गुणून १०८.

या क्रमातील पाच ही संख्या विशेष लक्षणीय आहे. २, ३, ६, १८, ३६ या सर्वांनी १०८ ला भाग जातो. पाचाने जात नाही. केवळ आकड्यांची शोभा साधायची असती, तर पाच वगळता आले असते. परंतु सुख, दुःख, सोमनस्स, दोमनस्स व उपेक्खा ही पाच इंद्रिये अनुभवात आढळतात, म्हणून ती गणली गेली. येथे गणना अनुभवाच्या मागून जाते.

तात्पर्य, पालीतील हे १०८ विश्लेषणाचे फलित आहे. त्याचा जप करून काही साधत नाही. आपल्या मनात या क्षणी उठलेली वेदना या १०८ पैकी कोणती, हे ओळखण्यासाठी ते सांगितले आहे.