कागदाला कागद जोडून



शहाड स्टेशनातून बाहेर पडून कल्याण-मुरबाड रस्त्याला लागलात की तुम्हांला किती तरी फलक दिसतात. दुकानांच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा. यांतले मोठे फलक आता बहुधा फ्लेक्सवर छापलेले असतात. त्यासाठी मोठे यंत्र लागते. आपल्या घरचा किंवा शाळेच्या ऑफिसातला प्रिंटर मात्र ए-फोर कागदाच्या पुढे जात नाही. मग अशा प्रिंटरवर भिंतीवरचे मोठे पोस्टर कसे काढावे? उत्तर सोपे आहे. तुकड्यांत छापावे आणि तुकडे जोडावे. पण या सोप्या कामात चूक झाली तर काय होते ते आधी सांगतो. चूक माझीच होती.

आमच्या शाळेच्या मागे एक टाकी आहे. तिचे पाणी फक्त धुण्यापुसण्यासाठी वापरतात. पावसाळ्यात मी तेथे लावण्यासाठी एक सूचना छापली : 'हे पाणी पिऊ नका'. एका कागदावर एक शब्द, असे चार कागद ओळीने चिकटवले. रात्री पाऊस झाला. चिकटपट्टी ओली झाली आणि चौथा कागद गळून पडला. सकाळी पाहतो तर पाचवीतला एक मुलगा बाटली घेऊन नळाखाली वाकलेला! मी हाक मारली. तो निरागसपणे म्हणाला, "सर, इथे लिहिलंय ना, हे पाणी पिऊ." सुदैवाने त्याने अजून घोट घेतला नव्हता.

तेव्हापासून मी हे काम काळजीपूर्वक शिकलो.

मोठे चित्र तुकड्यांत करण्याची युक्ती जुनीच आहे. प्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरला झाला. तरुणपणी ते मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवीत असत. त्या काळचे पेंटर लहान चित्रावर पेन्सिलीने चौकोन आखत. मोठ्या कापडावर तितकेच, पण मोठे चौकोन आखत. मग एकेका चौकोनातील रेषा पाहून ती मोठ्या चौकोनात उतरवत. छापील सिनेपोस्टरेसुद्धा मोठी असली की अनेक कागद जोडूनच भिंतीवर लागत. आपला कॉम्प्युटर आज हेच करतो. तो चित्रावर चौकोन आखतो आणि एकेक चौकोन वेगळ्या कागदावर छापतो.

आता पोस्टर किती मोठे हवे ते ठरवा. साधारण हिशेब असा, की ३ मीटर अंतरावरून सहज वाचण्यासाठी अक्षर अडीच सेंटीमीटर उंच असावे. टाकीपासून शाळेचे फाटक १२ मीटर दूर असेल तर अक्षर १० सेंटीमीटरचे हवे. एवढी मोठी अक्षरे एका कागदावर मावत नाहीत.

येथे मुले नेहमी फसतात. पोस्टर दुप्पट मोठे म्हणजे दोन कागद, असे त्यांना वाटते. तसे नाही. लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, म्हणून कागद चार लागतात. तिप्पट केले तर नऊ, चौपट केले तर सोळा. शाईसुद्धा त्याच प्रमाणात लागते. म्हणून काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे कधी छापू नका. अक्षरांची नुसती बाह्यरेषा छापा आणि आतला भाग स्केचपेनने किंवा पोस्टर कलरने भरा. लहान भावंडांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर लांब असतो. असे दोन कागद लांब बाजूंनी जोडले तर ए-थ्री होतो, चार जोडले तर ए-टू. आकार बदलला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. ही मापे जर्मनीत १९२२ साली ठरली आणि पुढे बहुतेक जगाने स्वीकारली.

छापण्यासाठी मजकूर पीडीएफ करून ठेवा आणि ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. प्रिंटच्या चौकटीत 'पोस्टर' असे बटण असते. ते दाबले की किती टक्के मोठे करायचे ते विचारले जाते. दुप्पट हवे असेल तर २०० लिहा. त्याच ठिकाणी 'ओव्हरलॅप' असते. त्यात १ सेंटीमीटर लिहा. म्हणजे शेजारच्या दोन कागदांवर एक सेंटीमीटरची तीच पट्टी दोनदा छापली जाईल. जोडताना ही पट्टी फार उपयोगी पडते. अक्षरे कितीही मोठी केली तरी त्यांच्या कडा स्वच्छ येतात. लहान फोटो मात्र मोठा केला की त्यात चौकोनी ठिपके दिसू लागतात.

छापून झाल्यावर कागद जमिनीवर मांडा. घाई करू नका. प्रिंटर डावीकडून उजवीकडे कागद काढतो. आपल्याला उर्दूमुळे उजवीकडून सुरुवात करण्याची सवय! उर्दू पोस्टर छापले तर ओळीचा शेवट असलेला कागद आधी बाहेर येतो. म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने आकडा घाला.

प्रिंटर कागदाच्या कडेला साधारण अर्धा सेंटीमीटर कोरी जागा सोडतो. दुसऱ्या कागदाची डावीकडची कोरी पट्टी कापून टाका. पहिल्याची उजवी पट्टी तशीच ठेवा. दुसरा कागद पहिल्यावर असा ठेवा, की दोनदा छापलेला भाग बरोबर एकावर एक येईल. मराठीत शिरोरेषा पाहा. ती सरळ जुळली तर सांधा बरोबर. केसभर चुकली तरी लांबून दिसते. उर्दूत शिरोरेषा नाही, तेथे नुक्ते मोजा. बे, पे आणि ते यांचा आकार सारखाच. नुक्ता कापला गेला तर अक्षरच बदलते. मराठीतही सांध्यात अनुस्वार गेला तर 'आंबा'चे 'आबा' होतात! एक ओळ जोडून झाली की खालच्या ओळीची वरची कोरी पट्टी कापून ती तशीच जोडा. गोंदाची कांडी वापरा. पातळ खळीने कागद सुरकुततो. मागून प्रत्येक सांध्यावर कागदी चिकटपट्टी लावा.

हे सर्व पुठ्ठ्यावर चिकटवावे. इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्याने पसरते, लेझरची सहसा पसरत नाही. शहाडच्या पावसात दोन्हींवर प्लॅस्टिकचे आवरण हवेच. आणि रस्त्यावरच्या भिंती, विजेचे खांब सोडा. परवानगीशिवाय तेथे पोस्टर लावण्यास महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने बंदी आहे.

टाकीवरची नवी सूचना नववीच्या मुलांनी केली. चार कागद, दोन ओळींत. वरची ओळ 'पिऊ नका', तांबड्या अक्षरांत. सांधा त्यांनी दोन शब्दांच्या मधल्या कोऱ्या जागेत आणला, आणि चारही कागद एकाच पुठ्ठ्यावर पक्के बसवले. मी चारही कोपरे ओढून पाहिले. मग तो पुठ्ठा खिळ्यांनी ठोकला.