मेंदूवर पहारा

‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणतात. बिघाड असतो तो मात्र रक्ताच्या वाटेत. मानेच्या दोन्ही बाजूंस कॅरोटिड नावाच्या धमन्या आहेत. त्यांत चरबीचा थर साचतो. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला की अर्धे अंग लुळे पडते. हा थर काढण्याची शस्त्रक्रिया मायकेल डीबेकी यांनी १९५३ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे केली.

पेच असा की, पक्षाघात टाळण्यासाठी केलेली शस्त्रक्रियाच पक्षाघात घडवू शकते. थर काढेपर्यंत धमनी चिमट्याने बंद ठेवावी लागते. बहुतेकांचे निभावते, कारण मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते व त्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त इकडे पोचते. थॉमस विलिस यांनी १६६४ सालीच त्याचे वर्णन केले आहे. काहींचे कडे अपुरे असते. त्यांना तात्पुरती नळी बसवून रक्त चालू ठेवतात. मग ती सर्वांनाच का बसवू नये? कारण नळी घालतानाही कण सुटू शकतो.

तेव्हा नळी कोणाला हवी, हे ऐनवेळी ओळखावे लागते. रोगी बेशुद्ध असेल तर भिस्त यंत्रांवर. मेंदूच्या १०० ग्रॅम भागास मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली घसरले की विद्युत्-आलेखातील लाटा मंदावतात.

मला मोह पडला तो दुसऱ्या, साध्या पद्धतीचा. केवळ मान बधिर करून रोग्यास जागे ठेवतात. विरुद्ध बाजूच्या हातात दाबले की वाजणारे खेळणे देतात आणि त्याच्याशी बोलत राहतात. खेळणे गप्प झाले किंवा शब्द अडखळले, की नळी! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३,५२६ रोग्यांच्या पाहणीत दोन्ही पद्धतींच्या अंतिम परिणामांत विशेष फरक आढळला नाही. नळी मात्र जाग्या रोग्यांना पुष्कळच कमी लागली.

येथे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो. बोलणे तपासायचे ते कोणत्या भाषेत? राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेल्या माझ्या काठी गावात वडीलधारी माणसे भिली बोलीत बोलतात. आमच्याकडील एखाद्या आजोबांना मुंबईच्या शस्त्रक्रियागृहात कोणी मराठीतून आठवड्याचे वार विचारले, तर ते थबकतील. ते थबकणे रक्ताचे की भाषेचे? रक्ताचे मानले तर नळी विनाकारण जाईल. भाषेचे मानून सोडले तर कदाचित मेंदूच उपाशी राहील. माझ्या मते आदल्या दिवशीच घरच्या माणसाकडून चार-पाच सोपे प्रश्न त्यांच्या बोलीत लिहून घ्यावेत, आणि आजोबांची उत्तरेही. शस्त्रवैद्याला भिली येण्याची गरज नाही. कालचेच उत्तर आज आले की नाही, एवढे कोणाच्याही कानाला कळते.