फोन पोलक्यात नको, वीतभर लांब बरा

गटाच्या बैठकीत मोबाईलचा विषय निघाला की एकजण म्हणते, "टॉवरनं आजार होतात." दुसरी म्हणते, "काही होत नाही." यातलं खरं काय, ते आज पाहू.

तुमच्या घरातला रेडिओ फक्त ऐकतो. मोबाईल ऐकतो आणि बोलतोही, म्हणजे टॉवरकडे लहरी पाठवतो. या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, त्यांची ताकद फार कमी. त्यांचा पक्का माहीत असलेला परिणाम एकच, शरीर किंचित गरम होणं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्यांना "कर्करोगाची शक्यता असू शकेल" अशा गटात ठेवलं. म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, पण शंकाही पुरती मिटलेली नाही. तेव्हा घाबरायचं नाही, सवय तेवढी बदलायची.

आपल्या देशात फोनच्या लहरींना मर्यादा आहे, शरीराच्या किलोमागे १.६ वॅट. बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ओढ्यापलीकडच्या बाईला हाक मारायची तर आपण जोरात ओरडतो. फोनचंही तसंच. रेंज कमी असली की तो जास्त जोर लावतो, बॅटरीही लवकर उतरते. म्हणून रेंजची एकच काडी दिसत असेल तेव्हा कानाला लावून लांबलचक बोलू नका. अंगणात या, स्पीकर लावा, नाहीतर मेसेज करा. चुलीपासून जरा मागं सरकलं की धग कमी लागते, तसं अंतर वाढलं की लहरीही झपाट्यानं कमी होतात.

घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर मात्र जास्त जपायला हवं. हे यंत्र बहुधा डाव्या खांद्याखाली असतं, आणि आपण फोन खोचतो तो नेमका पोलक्यात, किंवा घरातली माणसं ठेवतात सदऱ्याच्या खिशात. फोन यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांब ठेवा. यंत्र डावीकडे असेल तर उजव्या कानानं बोला. लोहचुंबक असलेलं कव्हर छातीजवळ नकोच, चुंबकानं यंत्राचं काम बदलू शकतं. फोन जवळ असताना चक्कर आली किंवा धडधडलं तर आधी फोन दूर करा, मग डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात "फोन बंद ठेवा" अशी पाटी असेल तर ती पाळा.

रेडिओजवळ फोन ठेवला की कधीकधी टर्र-टर्र ऐकू येतं. ती फोनच्या लहरींची ढवळाढवळ. फोन हातभर सरकवा, आवाज थांबेल.

अशीच पण मोठी ढवळाढवळ करतो तो परवानगीशिवाय घरावर लावलेला रेंज वाढवायचा बूस्टर. एका घराला रेंज मिळते आणि शेजारपाजारच्या घरांची बिघडते. बाळंतिणीसाठी १०८ ला लावलेला फोन लागला नाही तर? असा बूस्टर बेकायदा आहे. रेंज नसेल तर गटानं मिळून कंपनीकडे तक्रार करावी.

पुढच्या बैठकीत एवढं करा: कुणाच्या घरी पेसमेकर आहे ते विचारा, आणि त्या घरी ही वीतभराची गोष्ट नक्की पोचवा.