वर्गणी, परवाना आणि संहिता

मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द दोन अर्थांनी रुळलेला आहे. उत्सवासाठी घरोघर गोळा होते ती एक. नियतकालिकासाठी वर्षारंभी भरावयाची ती दुसरी. दुसऱ्या अर्थाची वर्गणी थांबली तरी आलेले अंक वाचकाच्या कपाटात राहतात. कार्यालयीन संगणकप्रणालींना हाच शब्द लावला जातो तेव्हा हा दुसरा अर्थ नकळत गृहीत धरला जातो, आणि घोटाळा तेथेच होतो. येथे विकत मिळते ती वस्तू नव्हे, ठरावीक मुदतीचा वापरपरवाना होय.

मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ‘ऑफिस ३६५’ या नावाने ही पद्धत सुरू केली. २०२० पासून तिला ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ म्हणतात. एकदाच किंमत देऊन घेण्याची जुनी रीत अद्याप आहे. ‘ऑफिस २०२४’ तसे मिळते. मात्र ते एका संगणकापुरते असते व पुढील आवृत्तीचा हक्क त्यात नसतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन परिसरात कोलामी भाषेचा शब्दसंग्रह करणारा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी कल्पावा. त्याला विद्यापीठाकडून खाते मिळाले आहे. शिक्षणसंस्थांसाठीच्या ‘ए१’ योजनेत वर्ड व एक्सेल ब्राउझरमधून वापरता येतात, परंतु संगणकावर बसवता येत नाहीत. ती सोय ‘ए३’पासून पुढे आहे. पोडावर जाळे नसेल तेव्हा ‘ए१’च्या भरवशावर बसलेल्या या विद्यार्थ्याला वहीच काढावी लागेल. (वही ही काही वाईट सोबत नव्हे, एमेनो यांचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला कोलामीचा अभ्यास संगणकावाचूनच सिद्ध झाला.)

योजनांची नावेही दिशाभूल करतात. ‘बेसिक’, ‘स्टँडर्ड’, ‘प्रीमियम’ ही विशेषणे जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाटतात, व व्यवसायासाठीच्या योजनांत ती बहुतांशी तशी आहेतही. परंतु ‘ॲप्स फॉर बिझनेस’ ही योजना या जिन्यात कोठेच बसत नाही. ‘बिझनेस बेसिक’मध्ये संस्थेच्या नावाची टपालपेटी मिळते, पण संगणकावर बसवावयाचा वर्ड मिळत नाही. ‘ॲप्स’मध्ये वर्ड बसवता येतो, पण टपालपेटी नाही. दोन्ही हवे असल्यास ‘स्टँडर्ड’ घ्यावी लागते. वनड्राइव्हवरील १ टीबी साठा मात्र तिन्हींत प्रत्येक वापरकर्त्याला मिळतो. घरगुती योजनांपैकी ‘पर्सनल’ एका व्यक्तीची, ‘फॅमिली’ सहा जणांपर्यंतची. ‘फॅमिली’तील प्रत्येकाला १ टीबीची स्वतंत्र जागा असते, परंतु जानेवारी २०२५ पासून घरगुती योजनांत घातलेले कोपायलट हे साहाय्यक केवळ वर्गणीदारालाच वापरता येते. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ असा सोयीनुसार आकुंचन पावतो.

खरा प्रश्न मुदत संपल्यानंतरचा आहे. बसवलेला वर्ड तेव्हा जुनी संहिता उघडून दाखवतो, छापूही देतो. पण तीत दुरुस्ती करू देत नाही. वैयक्तिक खात्यात मोफत साठ्याची मर्यादा ५ जीबी आहे. ध्वनिमुद्रणांनी ती केव्हाच ओलांडलेली असेल, तर नवे काही चढवता येत नाही, आणि असा अधिकचा साठा दीर्घकाळ तसाच राहिल्यास पुसलाही जाऊ शकतो. विद्यापीठाच्या खात्याची गोष्ट याहून अवघड आहे. ते विद्यार्थ्याच्या नावाचे असले तरी विद्यापीठाच्या स्वाधीन असते, आणि पदवीनंतर चालू ठेवावयाचे की नाही हे विद्यापीठ ठरवते. अशा वेळी दोन वर्षांची निवेदकांची मुद्रणे परवान्याच्या तारखेवर टांगलेली राहतात.

लिब्रेऑफिस ही २०१० पासूनची मुक्त प्रणाली विनावर्गणी मिळते, जाळ्याविना चालते व तिची मराठी आवृत्तीही आहे. ती टपालपेटी देत नाही, साठा देत नाही; वर्डमधील संहिता मात्र उघडते, जरी तक्त्यांची मांडणी क्वचित विस्कटते. म्हणून मुद्रणे व संहिता यांची एक प्रत पदवीपूर्वीच स्वतःच्या तबकडीवर उतरवून घ्यावी, आणि दुसरी विभागाच्या संग्रहात ठेवावी.